भाऊंच्या घराचा अडकणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक दरवाजा आहे, आणि मला घर नाही.

दचकू नका. माझ्या एका बाजूला छान दिवाणखाना आहे. सोफा आहे, जेवणाचं टेबल आहे, समोर स्वयंपाकघरात जायची वाट आहे. फक्त भिंती तीनच आहेत. चौथीच्या जागी कॅमेरे उभे असतात. दुसऱ्या बाजूला खरं तर जिना किंवा रस्ता हवा, पण तिथे वायरींचं जंजाळ, दोन मोडकी स्टुलं आणि चहाचे रिकामे कप. एका विनोदी मालिकेच्या सेटवर मी सोळा वर्षं उभा आहे. तुमच्या ताईदादांनी मला नक्की पाहिलं असेल. त्यांना एवढंच सांगा, 'तो अडकणारा दरवाजा', लगेच ओळखतील.

माझा जन्म घाईत झाला. पहिलं चित्रण दोन दिवसांवर आलं होतं आणि घराला दारच नव्हतं. बाकी सगळा मामला प्लायवुडचा, पण दिग्दर्शक हट्टाला पेटले. "दार खऱ्या लाकडाचंच हवं. आपटलं की आपटल्यासारखं वाजलं पाहिजे!" मग मिस्त्रींनी, म्हणजे आमच्या सुतारांनी, मिळेल ते लाकूड आणलं. ते पुरतं वाळलेलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ओलं आहे. पंधरा दिवस द्या, नाहीतर फुगेल, वाकेल." साहेबांनी दोन दिले. मी फुगलो आणि वाकलोही.

त्या काळी चित्रण बघायला खरी माणसं यायची. कॅमेऱ्यांच्या मागे बाकं मांडलेली असत आणि दोनशे माणसं त्यावर दाटीवाटीने बसत. पहिल्याच भागात घरचा कर्ता पुरुष ऑफिसातून घरी येतो, असा प्रवेश होता. त्याचं मालिकेतलं नाव भाऊ. पुढे त्या नटालाही सगळे भाऊच म्हणू लागले आणि त्यांची मालिकेतली बायको सगळ्यांची वहिनी झाली. (प्रत्यक्षात दोघांचे संसार वेगळे आहेत हो. लोक अजून विचारतात, म्हणून सांगून ठेवलं.)

तर भाऊ भाजीची पिशवी घेऊन माझ्यामागे उभे. इशारा मिळाला, त्यांनी मला ढकललं, आणि मी जागचा हललो नाही. त्यांनी पुन्हा ढकललं. पुढे दोनशे माणसं चिडीचूप. दिग्दर्शकांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि तेवढ्यात भाऊ बाहेरूनच ओरडले, "अगं, मी आलोय! पण अजून थोडा बाहेर आहे!"

बाकांवर खसखस पिकली. मग भाऊंनी चार पावलं मागे जाऊन खांद्याने असा काही धक्का दिला की मी खाडकन उघडलो, भाऊ थेट सोफ्यावर पालथे आणि टोमॅटो घरभर. वहिनी टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाल्या, "आलात? मग दार लावून घ्या."

काय हसले लोक! एक आजोबा तर बाकावरून घसरले. मित्रांनो, जन्मल्या दिवशीच एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बिचारे मिस्त्री रंधा घेऊन हजर. रात्रभर त्यांना झोप नव्हती. आपल्या हातचं दार भर लोकांत अडकलं, ही कसली नामुष्की! पण दिग्दर्शकांनी त्यांचा हात धरला. "खबरदार, रंधा लावाल तर! हे असंच अडकलं पाहिजे. दर भागात."

त्या दिवसापासून मिस्त्रींच्या नशिबी उलटंच काम आलं. लाकूड हळूहळू वाळतं, आकसतं, दार आपोआप सुटं व्हायला लागतं. म्हणून ते दर चित्रणाआधी माझी कड तपासायचे, चौकटीत पातळ पट्टी चिकटवायचे, कुठे पाचर ठोकायचे, बिजागरी मुद्दाम जराशी तिरकी करायचे आणि स्वतः खांदा लावून बघायचे. नीट अडकलो की एक मोठा सुस्कारा. "उभा जन्म दारं सरळ करण्यात गेला," ते मला म्हणायचे, "आणि नाव कशाने झालं, तर या वाकड्याने. बायको म्हणते, तुमच्या हातचं दार अडकतं हे सगळं जग बघतं, आता कोण बोलावणार तुम्हाला?"

पण ते दिवस मोठे सुखाचे होते. लेखिकाताई मालिका लिहीत. प्रत्येक भागाच्या आधी त्या माझ्यामागच्या स्टुलावर येऊन बसत आणि भाऊंना विचारत, "या वेळी भाऊ घरी कशासाठी येतोय?" कधी तो मुलीचा निकाल घेऊन येई, कधी साहेबांशी भांडून, कधी बायकोचा वाढदिवस विसरून. त्यामुळे धक्का एकच असला तरी प्रत्येक वेळी वेगळा वाटायचा. वाढदिवस विसरलेला भाऊ तर मला इतक्या हळू ढकलत होता, की मी न उघडलेलाच बरा असं त्याच्या मनात होतं, हे बाकांवरच्या शेवटच्या माणसालाही कळलं. घरोघरी मुलं खांद्याने दारं उघडू लागली. एका आईचं पत्र आलं, की आमच्या चिरंजीवांनी न्हाणीघराची कडी तोडली, आता तुम्हीच येऊन बसवून द्या. मिस्त्री खरंच जायला निघाले होते!

मग हळूहळू काय झालं, ते नेमकं कधी सुरू झालं, हे मला सांगता येणार नाही.

सातव्या वर्षी बाकं गेली. लोक बोलवायचे, बसवायचे, गप्प करायचे, यात फार वेळ जातो असं ठरलं. त्यांच्याऐवजी एक बटण आलं. आवाजाचं काम बघणाऱ्या माणसाने ते दाबलं की साठवलेला हशा वाजायचा. मला सुरुवातीला वाटलं, वा, लोक परत आले! मग लक्षात आलं, की तेच आजोबा त्याच जागी तेच हसतायत. कधीकधी तर भाऊ पडायच्या आधीच हसायचे.

हशाची खात्री झाली, तशी बाकीची मेहनत सैल पडली. मालिकेतला शेजारी आधी जरासा चिक्कू होता. आता तो चिक्कूपणाशिवाय दुसरं काही बोलेचना. भाऊंची मुलगी चार वर्षं दहावीत होती. मालिका थोडी मंदावली की घरात एखादं नवीन बाळ आणायचे. लेखिकाताईंच्या मागे इतके भाग लागले, की त्यांचं स्टुलावर येऊन बसणं बंद झालं. कागदावर नुसतं लिहून येई, 'भाऊ नेहमीप्रमाणे येतो. हशा.'

त्या 'नेहमीप्रमाणे'चा मला फार राग यायचा. अहो, माणूस घरी येतोय, कशासाठी ते तरी लिहा!

आणि भाऊंचा खांदा गेला. दर भागाला तीन-चार वेळा धक्का, असं पंधरा वर्षं. उजवा हात वर जाईना. मला ढकलण्याआधी ते माझ्या उघड्या लाकडाला कपाळ टेकून क्षणभर उभे राहायचे आणि पुटपुटायचे, "आई गं." मग धाडकन. पुढे हशा वाजायचा. ते 'आई गं' मी ऐकलेलं आहे आणि मिस्त्रींनी.

अशात सहाशेवा भाग जवळ आला. वाहिनीचे साहेब सेटवर आले. माझ्यापाशी उभं राहून दिग्दर्शकांना म्हणाले, "सहाशेव्याला पुन्हा बाकं मांडू. खरी माणसं बोलवू. हसली, तर पुढचं वर्ष तुमचं. नाही हसली, तर सन्मानाने निरोप घेऊ. उगाच ओढत बसण्यात काय अर्थ आहे?"

भाऊ माझ्यामागेच होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब गेल्यावर ते स्टुलावर बसले ते उठेचनात. मिस्त्री पट्टी चिकटवत होते.

"मिस्त्री," भाऊ म्हणाले, "खांदा संपलाय हो माझा. शर्ट घालायलासुद्धा घरच्यांना हाक मारावी लागते."

"मग सांगा की वर. म्हणावं, धक्का बंद."

"आणि करू काय? लोक मला बघायला येतात असं वाटतं का तुम्हाला? धक्का बघायला येतात. तो काढला, तर माझ्यात उरलं काय? नऊ वर्षं झाली, माझ्या कुठल्या वाक्याला कोण हसलं, हे मला माहीतच नाही. बटण हसतंय. मी विनोदी नट आहे का नाही, हे मी सांगू शकत नाही, मिस्त्री. भीती वाटते."

मिस्त्रींनी हातातली पट्टी खाली ठेवली.

मग भाऊच हळू आवाजात म्हणाले, "एक काम करा. थोडंसं सैल करून द्या. केसभर. कुणाला कळता कामा नये. निदान त्या दिवशी खांदा दगा देणार नाही."

"केसभर," मिस्त्री म्हणाले. "दिला शब्द."

सहाशेव्या भागाच्या दिवशी सकाळी मिस्त्री एकटेच आले. पिशवीतून रंधा काढला. पंधरा वर्षांत तो मला पहिल्यांदाच लागत होता. एक हात फिरवला. लाकडाची एक लांबलचक कुरळी साल निघाली. केसभर काम झालं होतं, आता थांबायचं. पण मिस्त्री त्या सालीकडे बघत बसले. मग म्हणाले, "अजून एक." मग अजून एक. मित्रांनो, सुताराच्या हाताला पंधरा वर्षं बिघडलेलं दार सांभाळायला लावल्यावर त्या हाताचं काय होत असेल, विचार करा. त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी पाचर उपटली. पट्ट्या खरवडल्या. बिजागरी सोडवून सरळ बसवली. काचपेपर मारला, कडेला मेण चोळलं. घामाघूम झाले, पण चेहरा कसा उजळला होता! शेवटी त्यांनी एका बोटाने मला ढकललं, आणि मी आवाज न करता उघडलो. पंधरा वर्षांत मी पहिल्यांदा दरवाजा झालो. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

आणि मग मिस्त्री मटकन खाली बसले. "अरे देवा! हे काय करून बसलो मी!"

पुन्हा पट्ट्या चिकटवायला वेळ नव्हता. डिंक वाळायला अख्खी दुपार लागते. भाऊंना सांगणं एवढाच उपाय होता. मिस्त्री धावत मोठ्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. पण भाऊ डॉक्टरांकडून खांद्यात इंजेक्शन घेऊन उशिरा आले, आणि फाटकाशी बघ्यांची गर्दी म्हणून त्यांना मागच्या वाटेने थेट आत आणलं. मिस्त्रींना पत्ता लागेपर्यंत लाल दिवा लागला होता. लाल दिवा लागला की कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. मिस्त्री लांबून दोन्ही हात हलवून 'नको, नको' करत राहिले. भाऊंना वाटलं, शुभेच्छा देतायत. त्यांनीही डावा हात हलवला.

मग ते चार पावलं मागे गेले. "आई गं," म्हणाले, आणि आले.

मी बाजूला झालो. दुसरं काय करणार होतो? भाऊ माझ्यातून गेले, सोफ्यावरून गेले, टेबलाला वळसा घालून समोरच्या वाटेने स्वयंपाकघरात दिसेनासे झाले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. दिवाणखाना रिकामा. वहिनी एकट्या टेबलाशी.

हशा नाही. बटणही नाही. दोनशे माणसं श्वास रोखून बघतायत, माणूस लागला की काय. दिग्दर्शकांनी डोकं धरलं. मी मनात म्हटलं, संपलं. माझ्यामुळे संपलं.

वहिनींनी सावकाश मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. म्हणाल्या, "आज फारच भूक लागलेली दिसतेय."

बाकांवर हसू फुटलं, पण घाबरतच. मग भाऊ बाहेर आले. खांदा धरलेला, केस विस्कटलेले. हे कागदावर कुठेच नव्हतं. ते वहिनींकडे गेले नाहीत, सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला एका बोटाने लावलं. एका बोटाने उघडलं. पुन्हा लावलं.

"कुणी दुरुस्त केलं हे?"

"का? बरं झालं की," वहिनी म्हणाल्या.

"बरं काय झालं! रोज ऑफिसातला सगळा राग मी या दारावर काढायचो. मग थकून तुझ्यासमोर यायचो. आता तो राग घेऊन थेट तुझ्यासमोर यायचं का?" बाकांवर हसू पसरलं.

"याल हिंमत असेल तर."

आता लोक मोकळे हसले. भाऊ थबकले. मित्रांनो, तो चेहरा मी हातभर अंतरावरून पाहिला. नऊ वर्षांनी त्या माणसाच्या वाक्याला जिवंत हशा आला होता, आणि तो कान देऊन ऐकत होता. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी काय करावं? ते बाहेर गेले आणि मला लावून घेतलं.

बाहेर ते नुसते उभे राहिले. पुढे सगळे वाट बघतायत. सगळ्यांना माहीत, की आता धक्का येणार. भाऊंनी खांद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग टाय सरळ केला, केसांवरून हात फिरवला, आणि परक्या घरी आल्यासारखं टकटक केलं. मी अलगद उघडलो. त्यांनी नुसतं डोकं आत घातलं.

"येऊ का?"

वहिनींनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "या, बसा. कोण हवंय आपल्याला?"

बाकं हादरली! लोक पोट धरून हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. बटणातल्या आजोबांना ते हसू सात जन्मात जमलं नसतं. भाऊ सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे अंग चोरून बसले, तर पुन्हा हशा. त्यांनी खांदा लावला नव्हता, पडले नव्हते, काही मोडलं नव्हतं. एक माणूस स्वतःच्या घरात भीतभीत बसला होता, एवढंच. माझा जीव भांड्यात पडला.

चित्रण संपल्यावर मिस्त्री मान खाली घालून आले. "भाऊ, केसभरच म्हणालो होतो. पण हात थांबला नाही. चुकलं माझं."

भाऊंनी डाव्या हाताने त्यांना मिठी मारली. "मिस्त्री, तुम्ही मला तोंडावर पाडलंत, आणि मला कळलं की मी अजून उठून हसवू शकतो. आता तुमचं काय करू सांगा!"

वाहिनीचे साहेब तर हर्षभरित झाले होते. "झकास! पुढचं वर्ष तुमचं! हे 'येऊ का' आता दर भागात घ्या!"

"नाही," लेखिकाताई म्हणाल्या. त्या कधी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलंच नव्हतं. "एकदाच. पुढचा भाग मी नवा लिहीन. आणि बाकं राहू देत."

साहेब कुरकुरले, पण बाकं राहिली.

या गोष्टीला वर्ष झालं. सगळं गोडगोड झालं असं मी म्हणणार नाही. नवीन भागांतले काही चांगलेच रंगले, काही साफ फसले. भाऊंच्या खांद्यावर उपचार चालू आहेत, हात आता कानापर्यंत जातो. मालिकेतली मुलगी एकदाची कॉलेजात गेली. शेजाऱ्याला परवा चक्क दुसरा विषय सुचला. लेखिकाताईंनी ठरवलंय, अजून दोन वर्षं, मग थांबायचं. ऐकून मला वाईट वाटलं, पण थांबायचं माहीत असल्यावर लोक नेटाने काम करतात, हेही मी रोज बघतोय. मिस्त्री महिन्यातून एकदा येऊन बिजागऱ्यांना तेल घालतात आणि उगाचच मला दोनचार वेळा उघडतात.

गेल्या आठवड्यात भाऊंचा एक विनोद सपशेल पडला. बाकांवर कुणी हूं की चूं केलं नाही. भाऊ बाहेर आले, स्टुलावर बसले.

"काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"पडला."

"मग?"

"मग काय, पुढच्या वेळी दुसरा करू." आणि स्वारी चक्क शीळ घालत चहा प्यायला गेली.

म्हणून मित्रांनो, एका जुन्या दरवाजाचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. एखादी मालिका तुम्हाला आवडत असेल, तर ती जुनी झाली म्हणून टाकू नका. पण तिची काळजी घ्या. काळजी म्हणजे काय? हसू नाही आलं, तर हसू नका. उगाच सवयीने, 'नेहमीची आहे' म्हणून हसू नका. त्याने आमचं वाकडं लाकूड वाकडंच राहतं. आणि खरंच हसू आलं, तर मात्र लाजू नका, शेजारचा काय म्हणेल बघू नका, खदाखदा हसा. दाराच्या या बाजूला एक माणूस उभा असतो, आणि आपण अजून कामाचे आहोत का, हे त्याला तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.